घरोघर : कार्तिकांतील दोन दिवस

लग्नाचा वाढदिवस साजरा करण्याची चाल आपल्या घरांतून फार जुनी नाहीं. मुलांचे वाढदिवस तिथीनें होत. कर्त्या पुरुषाला साठ वर्षें पुरीं झालीं म्हणजे शांत होई. पण पतिपत्नींचा म्हणून जो एक दिवस ठरलेला होता तो दिवाळींतील पाडवा. त्या दिवशीं पत्नीनें पतीला ओवाळावें, त्यानें तबकांत ओवाळणी घालावी आणि दोघांनीं पुन्हां आपापल्या कामाला लागावें. ओवाळतांना समोर सासूबाई, नणंदा, मुलें आणि सहज डोकावलेली शेजारीण असा सगळा मेळावा असे, आणि वर्षभराचें जें कांहीं सांगावयाचें तें त्या निरांजनाच्या उजेडांत, सर्वांदेखत, न बोलतां सांगून संपे. या रीतींत गोडवा होता, हें कोणीहि नाकारणार नाहीं. तिच्यांत एकांत मात्र नव्हता.

एकत्र कुटुंबांत सर्व कांहीं वांटून घेतां येतें. जेवण, जागा, पैसा, दुखणें, आनंद. एकांत तेवढा वांटतां येत नाहीं, आणि म्हणूनच तो बहुधा कोणाच्याच वांट्याला येत नाहीं. पूर्वीं दोघांनीं मिळून घराबाहेर पडण्याचें सर्वमान्य निमित्त म्हणजे यात्रा. माझ्या सासूबाई मामंजींबरोबर एकदां काशीला जाऊन आल्या. बरोबर गांवचीं बावीस माणसें. आगगाडींत पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. धर्मशाळेंतहि तीच व्यवस्था. सासूबाई ती हकीकत सांगतांना नेहमीं म्हणतात, "काशीला आम्ही दोघें गेलों खरीं, पण भेटलों तें घरीं परत आल्यावर."

लग्नाचा वाढदिवस शरदांत येणें हेंहि आपल्याकडे थोडें विरळाच. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने; परंतु आषाढ शुद्ध एकादशीपासून कार्तिक शुद्ध एकादशीपर्यंत चातुर्मास, आणि चातुर्मासांत सामान्यतः लग्नें होत नाहींत. म्हणजे सबंध आश्विन आणि अर्धा कार्तिक वजा झाला. तुळशीचें लग्न लागल्यावर जे थोडे दिवस उरतात, तेवढ्यांतच मुहूर्त निघाला तर निघाला. कालिदासानें ऋतुसंहाराच्या तिसऱ्या सर्गांत शरदाला नववधूची उपमा दिली आहे. ज्यांचें लग्न तुळशीच्या मांडवाचा ऊंस सुकण्यापूर्वींच झालें, त्यांना ती उपमा निराळी समजावून सांगावी लागत नाहीं.

तिथि धरावी कीं तारीख, हा वादहि अनेक घरांत होतो. चांद्र वर्ष सुमारें ३५४ दिवसांचें. तें सौर वर्षापेक्षां अकरा दिवसांनीं मागें पडतें, आणि सुमारें साडेबत्तीस महिन्यांनीं येणारा अधिक मास तें पुन्हां ओढून जागेवर आणतो. त्यामुळें तिथि आणि तारीख दरवर्षीं लपंडाव खेळत असतात. परंतु एकोणीस सौर वर्षांत चांद्र महिने जवळजवळ नेमके २३५ भरतात. म्हणून दर एकोणीस वर्षांनीं दोघींची पुन्हां गांठ पडते, फार तर एखाद्या दिवसाचें अंतर राहतें. लग्नाचें एकोणिसावें, अडतिसावें आणि आयुष्य लाभलें तर सत्तावन्नावें वर्ष, हीं अशीं भेटीचीं वर्षें.

माझे थोरले दीर, ज्यांना सारें घर अण्णा म्हणतें, आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या वहिनी, यांचें लग्न १९८७ च्या कार्तिकांतलें. २०२५ च्या कार्तिकांत अडतीस वर्षें पुरीं झालीं. त्याच वर्षीं श्रावणांत अण्णांच्या छातींत अचानक दुखूं लागलें आणि आठ दिवस त्यांना रुग्णालयांत काढावे लागले. वहिनी खाटेशेजारीं बसून होत्या. घरीं परतल्यावर अण्णा मला म्हणाले, "त्या आठ दिवसांत आम्ही जितकें बोललों, तितकें मागल्या दहा वर्षांत बोललों नसूं. बोलण्यासाठीं आजारीच पडावें लागतें कीं काय?" त्या प्रश्नांतून त्यांचा बेत निघाला. वाढदिवसाला वहिनींना न सांगतां वाईजवळच्या एका शेतकऱ्याच्या घरीं दोन दिवस घेऊन जावयाचें.

बेत सोपा; पण त्याच्या आड आमचें सबंध घर उभें होतें. वहिनींच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा आहे तो केवळ कपाटांचा नव्हे. सासूबाईंच्या डोळ्यांत दिवसांतून चार वेळां थेंब कोण घालतो, कोणत्या डब्यांत कोणती डाळ, दूधवाल्याचा हिशेब, देवघरांतली समई, धाकट्या नातवाची सकाळची शाळा, हें सारें त्यांच्या स्मरणावर चालतें. अशा गृहिणीला आयत्या वेळीं "चला" म्हणणें म्हणजे तिला आनंद देणें नव्हे. तिला गाडींत बसवून तिची काळजी मात्र दुप्पट करणें होय. म्हणून अण्णांनीं तीन आठवडे आधीं आम्हां सर्वांना विश्वासांत घेतलें. कामें वांटलीं गेलीं, आणि मुख्य म्हणजे त्यांची तालीम सुरू झाली. थोरला नातू "आजी, आज थेंब मी घालतों" म्हणूं लागला. सूनबाईनें दुधाचा हिशेब हळूंच आपल्याकडे घेतला. सकाळच्या शाळेची जबाबदारी आमच्या घरच्यांनीं उचलली. त्यांना लौकर उठतांना पाहून वहिनींना थोडा संशय आला, पण तो त्यांनीं बदललेल्या हवेवर घातला.

आदल्या रात्रीं जेवणें झाल्यावर अण्णांनीं सांगितलें, "उद्यां सकाळीं सातला निघायचें आहे. दोघांनींच." वहिनींच्या तोंडून निघालेला पहिला शब्द होता, "आणि दूध?" मग मटकी भिजत घातली आहे, परवां सिलिंडर येणार आहे, सासूबाईंचे थेंब, अशी एकेक अडचण बाहेर येऊं लागली, आणि प्रत्येक अडचणीला कोणीतरी "तें मी पाहतों", "तें माझ्याकडे" असें म्हणूं लागलें. शेवटची अडचण सरली तेव्हां वहिनी हंसतील असें आम्हांला वाटलें होतें. त्या गप्प झाल्या. थोड्या वेळानें हलक्या आवाजांत म्हणाल्या, "म्हणजे माझ्यावांचून चालतें तर."

त्या वाक्यानें सारें घर स्तब्ध झालें. ज्या बाईनें अडतीस वर्षें स्वतःला घरांत विरघळूं दिलें, तिला एका संध्याकाळींच आपण दाखवून दिलें कीं तुझी जागा भरून काढतां येते. देऊं केलेली मोकळीक तिच्या कानांना निरोपासारखी वाटली असल्यास नवल नव्हे. उत्तर सुचलें तें सासूबाईंना. त्या म्हणाल्या, "चालत नाहीं, सूनबाई, चालवून घेतात. तीन आठवडे सगळे धडपडताहेत तेव्हां कुठें तुझें दोन दिवसांचें काम उरकणार आहे. जाऊन ये." वहिनींनीं कमरेचा जुडगा सोडला आणि तो सासूबाईंच्याच हातीं दिला. पुष्कळ वर्षांपूर्वीं तो त्यांच्याकडूनच आला होता.

वाई हें ठिकाण अण्णांनीं निवडलें त्याला कारण होतें. पुण्याहून खंबाटकीचा घाट ओलांडून दोन-अडीच तासांत तेथें पोंचतां येतें. प्रकृति नाजूक असलेल्या माणसाला तेवढाच प्रवास सोसतो, आणि गांवांत डॉक्टर आहेत. भाद्रपदांत लोकांची झुंबड उडते ती कासच्या पठाराकडे. पश्चिम घाटांतील ज्या एकोणचाळीस स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशांत स्थान मिळालें, त्यांत कासहि आहे. परंतु कार्तिकांत तेथील फुलांचा बहर ओसरलेला असतो. कृष्णाकांठचें खोरें मात्र याच दिवसांत पाहावें. पाऊस गेलेला, धूळ अजून उडूं लागलेली नाहीं, नदीचें पाणी निवळलेलें, शाळू गुडघ्याला लागलेला, ऊंस तुरे धरूं पाहणारा. पहांटे धुकें आणि दुपारीं कोंवळें नव्हे तरी सुसह्य ऊन.

पहिल्या दिवशीं वहिनी संवयीनें पांचलाच जाग्या झाल्या. करावयाला कांहींच नव्हतें, म्हणून ओसरीवर येऊन बसल्या. शेतकऱ्याच्या घरच्या बाईनें चहाचा कप आणून त्यांच्या हातांत दिला. वहिनी सांगतात, "लग्न झाल्यापासून सकाळचा पहिला चहा मला दुसऱ्या कोणी करून दिल्याचें आठवत नाहीं. कप तोंडाला लावायला क्षणभर संकोचच वाटला." तो दिवस दोघांनाहि अवघड गेला. बोलणें घराचेंच होई. अण्णांनीं घरीं तीनदां दूरध्वनि केला. अडतीस वर्षांत मध्यें नेहमीं कोणीतरी असे. मधलें माणूस एकाएकीं उठून गेल्यावर समोरासमोर बसलेल्या दोघांनीं काय बोलावें, हें शिकावें लागतें.

दुपारीं त्यांनीं ढोल्या गणपति पाहिला. गणपतराव भिकाजी रास्ते यांनीं १७६२ सालीं बांधलेलें हें देऊळ घाटाला अगदीं लागून आहे. पुराचें पाणी अडून भिंतीवर न धडकतां दुभंगून जावें, म्हणून त्याची मागची बाजू माशाच्या आकाराची केली आहे. अण्णा अभियंते; ते तेथें बराच वेळ रेंगाळले. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तीन किलोमीटरवरील मेणवलीस गेले. नाना फडणिसांचा वाडा, त्यामागें अर्धचंद्रासारखा वळलेला घाट, आणि घाटावरील लहानशा घुमटींत टांगलेली ती प्रसिद्ध घंटा. चिमाजी अप्पांनीं १७३९ सालीं वसई घेतली, त्या विजयानंतर आणलेल्या घंटांपैकीं ही एक. तिच्यावर १७०७ हा सन आणि मेरीची मूर्ति आहे. वहिनींनीं ती नीट न्याहाळली आणि म्हणाल्या, "हीसुद्धां सासरीं येऊन नांदलीच म्हणायची."

त्या घाटाच्या पायऱ्यांवर दोघें दुपारपर्यंत बसलीं. अण्णांनीं श्रावणांतली ती रात्र सांगितली; आपण वांचलों नाहीं तर काय, या विचारांत त्यांना घरापेक्षां वहिनींचेंच काय होईल याची चिंता अधिक वाटली होती, हें ते तोंवर बोलले नव्हते. आणि वहिनींनींहि एक गोष्ट सांगितली. लग्न ठरलें तेव्हां त्या संस्कृत घेऊन एम. ए. च्या पहिल्या वर्षाची परीक्षा उतरल्या होत्या. दुसऱ्या वर्षाचीं पुस्तकें त्यांनीं माहेराहून ट्रंकेंत घालून आणलीं. तीं आजहि माळ्यावर आहेत. अण्णा थक्क झाले. त्यांना परीक्षा ठाऊक होती, ट्रंक ठाऊक होती. ट्रंकेंत काय आहे तें अडतीस वर्षें ठाऊक नव्हतें. "तूं कधीं सांगितलें नाहींस," ते म्हणाले. "विचारायला कोणाला सवड होती, आणि सांगायला मला?" वहिनी म्हणाल्या. ज्या गांवाच्या प्राज्ञपाठशाळेनें संस्कृत विद्येचा दिवा तेवत ठेवला, आणि तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं जेथून मराठी विश्वकोशाचे खंड बाहेर पडले, त्याच गांवाच्या वेशीवर ही गोष्ट निघावी हा योगायोग खरा. पण ती निघाली दोन दिवसांच्या निवांतपणामुळें.

आतां आमच्या घरीं संध्याकाळीं पांच ते सहा हा तास वहिनींचा आहे. माळ्यावरची ट्रंक खालीं आली आहे. त्या वेळांत चहा सूनबाई करते, आणि तो पुस्तकाशेजारीं ठेवला जातो.

असा बेत योजणाऱ्यांनीं चार गोष्टी लक्षांत ठेवाव्या. गुपित ठिकाणाचें असावें, पण घराची तयारी गुपचुप कां होईना, आधींच पुरी झालेली असावी. उतरण्याची जागा तळमजल्यावर आहे ना, शौचकूपाची सोय गुडघ्यांना मानवेल अशी आहे ना, हें विचारून घ्यावें. घाटांच्या पायऱ्या उंच असतात आणि कार्तिकांत नदीकांठीं रात्रीं गारठा असतो, तेव्हां शाल व औषधें प्रथम पिशवींत घालावीं. पाहावयाच्या स्थळांची यादी लांबवूं नये. दिवसाला एक देऊळ आणि एक घाट पुष्कळ झाला. आणि घरीं राहिलेल्यांनीं डाळीचा डबा सांपडत नाहीं एवढ्यासाठीं दूरध्वनि करूं नये. डबा शोधावा, तो सांपडतो.

आणखी एक. प्रत्येक मोठ्या घरांत जोडीदार हरवलेली एखादी आत्या, एखादे काका, किंवा आमच्या सासूबाईंसारखें कोणी असतेंच. मोकळीक ही केवळ जोडप्यांची मिरास नव्हे. ज्यांना वाढदिवस उरला नाहीं, त्यांच्यासाठींहि वर्षांतले दोन दिवस घरानें काढून ठेवावेत. बरोबर त्यांच्या आवडीचें माणूस द्यावें आणि किल्ल्या काढून घ्याव्यात.

या महिन्याचें काम मात्र सोपें आहे. आपल्या घरांतील वडील जोडप्याला त्यांच्या लग्नाचें साल विचारावें, त्यांत एकोणीस एकदां, दोनदां, तीनदां मिळवून पाहावें, आणि बेरीज जवळच्या वर्षाची येत असेल तर आजपासूनच सासूबाईंचे थेंब कोण घालणार तें ठरवावें. बेरीज जुळत नसेल, तर तेवढ्यासाठीं एकोणीस वर्षें वाट पाहूं नये.