केसपेपरमागची नोकरी

दहावीचा निकाल लागला की आरोग्य क्षेत्रापुरती ‘पुढे काय’ची तीनच उत्तरे घरोघरी ऐकू येतात: नीट, नर्सिंग, फार तर फार्मसी. रुग्णाची माहिती नोंदवणे, जपणे आणि तिचा अर्थ लावणे हेही आता स्वतंत्र काम झाले आहे, हे पालकांपर्यंत फारसे पोहोचलेले नाही. याला हेल्थ इन्फर्मेटिक्स म्हणतात. सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान यांच्या रांगेत या व्यवसायालाही बसवले आहे.

काम वरवर कारकुनी वाटते. तसे ते नाही. पावसाळ्यात ग्रामीण रुग्णालयात रुग्ण येतो आणि नातेवाईक सांगतात, ‘पान लागलं.’ खेड्यात सापाचे नाव घेत नाहीत. ही नोंद जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-१० वर्गीकरणात ‘टी ६३.०’ म्हणजे सर्पविष अशी गेली, तरच तो रुग्ण आकडेवारीत सर्पदंशाचा ठरतो. ‘अज्ञात विषबाधा’ अशी गेली, तर तो हरवतो आणि पुढच्या वर्षी प्रतिविषाची मागणी तेवढी कमी होते. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी असे राज्यांना कळवले. पण ती नोंद करणाऱ्याला ‘पान लागलं’ कळायला हवे. तीच गत ‘अंगावरून जातंय’ची. पांढरे की लाल, हे न विचारता लिहिले तर दोन वेगळे आजार एका रकान्यात पडतात. गावाकडची मराठी जाणणारा मुलगा किंवा मुलगी इथे महागड्या सॉफ्टवेअरपेक्षा उपयोगी.

आणखी एक नेहमीचा प्रसंग. गर्भवतीची नोंदणी सासरच्या गावी होते, पहिले बाळंतपण माहेरी. रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्याचा कागद सासरीच राहतो. बाळ पॉझिटिव्ह निघाले तर आईला ७२ तासांच्या आत अँटी-डी इंजेक्शन मिळायला हवे, नाहीतर पुढच्या गर्भाला धोका. प्रसूतीच्या वेळी गट पुन्हा तपासतात हे खरे. पण मध्यरात्री, लहान केंद्रात, हाताशी माहिती असणे वेगळे. सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमधला १४ अंकी ‘आभा’ क्रमांक अशाच नोंदी जोडण्यासाठी आहे. मात्र नुसता क्रमांक काढून काही जोडले जात नाही. दोन्हीकडचा तपशील कुणीतरी त्या क्रमांकावर चढवावा लागतो, आणि माहेरचे व सासरचे नाव एकाच बाईचे आहे हे ओळखावे लागते.

यासाठी शाळेत नवा विषय घुसवण्याची गरज नाही. दहावीच्या गणितात सांख्यिकी आहेच. मध्य, मध्यक, बहुलक मुले क्रिकेटच्या धावांवर शिकतात. त्याऐवजी प्राथमिक आरोग्य केंद्रातले डेंग्यूचे आठवडावार आकडे, अर्थातच नावे वगळून, आलेखावर मांडले तर साथ कधी चढली ते मुलांना स्वतःच दिसेल. काही माध्यमिक शाळांत हेल्थ केअर हा व्यवसाय विषय आहे. तो बहुतांशी रुग्णसाहाय्यक घडवण्याकडे झुकलेला आहे. त्यात नोंदींचा भाग वाढवता येईल. संगणक चालवता येणे हा त्यातला सोपा भाग. अवघड आहे ते तोंड बंद ठेवणे. शेजारच्या काकूंचा रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणारी माणसे मोठ्यांतच कमी नाहीत. क्षयरोग किंवा एचआयव्हीची नोंद फुटली तर रुग्ण उपचार सोडतो, कधी गावही सोडतो. वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, पण ही सवय पंधराव्या वर्षी लागली तर लागते.

नोकरीचे चित्र मात्र रंगवून सांगू नये. रुग्णालयांत आज या कामावर बरेचदा कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर असतात. त्यांना शरीररचनेचा, औषधांच्या नावांचा गंधही दिलेला नसतो. पदे, वेतनश्रेणी, बढतीचा मार्ग हे ठरल्याशिवाय हुशार मुले इकडे वळणार नाहीत. तोवर तीन महिन्यांत ‘तज्ज्ञ’ बनवणाऱ्या वर्गांच्या जाहिराती वाढतील. कायद्यात पदविकेसाठी किमान २००० तास आणि पदवीसाठी ३६०० तास सांगितले आहेत. शुल्क भरण्याआधी पालकांनी हे तास आणि प्रत्यक्ष रुग्णालयातील प्रशिक्षण, दोन्ही लेखी मागावे.