डहाणूचे धक्के, मकरानची लाट

डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात नोव्हेंबर २०१८ पासून जमीन वारंवार हादरू लागली, धुंदलवाडी परिसरातल्या लोकांनी थंडीच्या रात्री घराबाहेर काढल्या, आणि वसईजवळच्या राजोडीसारख्या किनाऱ्यावर साहजिकच प्रश्न येतो: आता समुद्रही उठणार का? या धक्क्यांनी तो उठणार नाही. त्सुनामीसाठी समुद्रतळाचा मोठा भाग एकदम वर-खाली व्हावा लागतो; डहाणूचे धक्के जमिनीखालचे, बहुतेक चार रिश्टरच्या आतले. त्यांनी भिंतींना तडे जातात, आणि कच्च्या घरात राहणाऱ्यांसाठी तेही काही थोडे नाही.

राजोडीने लक्ष ठेवायचे ते वायव्येकडे, पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यावर. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या खाली सरकतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे तिथे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला आणि काही तासांनी मुंबईच्या किनाऱ्यावर सुमारे दोन मीटरची लाट येऊन माणसे वाहून गेली. ऐंशी वर्षांपूर्वीच्या घटनेची आज धास्ती कशाला, असे कोणी म्हणेल. पण भूपट्ट सरकायचा थांबलेला नाही, आणि किनाऱ्यावरची वस्ती मात्र कितीतरी वाढली आहे. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र इन्कॉइस २००७ पासून काही मिनिटांत इशारा देऊ शकते. तो रविवारी पुळणीवर आलेल्या पर्यटकांपर्यंत कोण पोहोचवणार, पळायचे कुठे, हे गावातच ठरले पाहिजे. किनाऱ्यावरच्या सुरूच्या बागेवर सारी भिस्त ठेवता येणार नाही. झाडे लाटेचा जोर थोडा मोडतात खरी, पण पावसाळी उधाणातच किनाऱ्यावरचे सुरू मुळासकट आडवे होतात. त्यांना धरून ठेवणाऱ्या वाळूचा उपसा आधी थांबला पाहिजे.