स्वस्तातला अ‍ॅम्प्लिफायर : बदनामी किती खरी?



पेरण्या उरकल्या की गावोगाव भजनी मंडळांच्या आणि गणेशोत्सवाच्या बैठका सुरू होतात आणि वर्गणीतून काय घ्यावे यावर खल होतो. पेटी-पखवाजाच्या जोडीला आता बेंजो आला आहे, कीबोर्ड आला आहे. त्याला आपल्याकडे सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. त्यासाठी पाच-सात हजारांचा छोटा अ‍ॅम्प्लिफायर घ्यावा असे पोरांनी सुचवले, की बैठकीतला एखादा जाणता हमखास म्हणणार, "स्वस्त मशीन म्हणजे नुसता खरखराट, पैसे पाण्यात!" मग एक तर उसनवारी करून मोठा संच येतो, नाही तर पोरांचा हुरूप मावळतो. खते-बियाण्यांच्या चौकशीला येणारी माणसे मला हेही विचारतात, म्हणून आज थोडे विषयांतर.

माझे मत असे, की यंत्राच्या आतल्या जोडणीबद्दलची ही बदनामी आता शिळी झाली आहे. तालुक्याच्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्यालाही ठाऊक असलेली टीडीए २०३० ही छोटी चिप नीट वीजपुरवठा मिळाला तर सुमारे १४ वॅटचा स्वच्छ आवाज देते आणि तिची किंमत किरकोळ असते. देवळातल्या चाळीस-पन्नास माणसांच्या भजनाला १५-२० वॅट पुरतात. मैदानावरच्या कार्यक्रमाला पुरणार नाहीत, हे उघड आहे.

बदनामीला खरे कारण घडते ते खोक्यावरच्या आकड्याने. '४०० वॅट पीएमपीओ' असे ठळक छापलेले असते. पीएमपीओ म्हणजे क्षणभराच्या उसळीचा फुगवलेला हिशेब. त्याला धरबंध नाही. पाहायचा तो आरएमएस वॅटचा आकडा, म्हणजे यंत्र सतत किती देते तो. तोही छापला नसेल तर यंत्राच्या पाठीमागची पट्टी वाचा. तिथे '२३० व्होल्ट, ४० वॅट' असे वीज खाण्याचे माप असते. चाळीस वॅट खाणारे यंत्र चारशे वॅट सतत कोठून देणार? आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? जुन्या पद्धतीच्या जोडणीत खाल्लेल्या विजेपैकी निम्म्याच्या आसपासच स्पीकरपर्यंत पोचते, बाकीची उष्णता होऊन जाते. आपण पंपाची पाटी वाचतो, बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल वाचतो, मग इथेच का फसावे?

दुसरी गोष्ट स्पीकरची. वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला वॅट जवळजवळ दहापट लागतात. उलट, एका वॅटला ८७ डेसिबल देणाऱ्या स्पीकरऐवजी ९३ डेसिबल देणारा घेतला, तर २५ वॅटचे यंत्र १०० वॅटच्या बरोबरीने वाजते. स्वस्त यंत्रात कंजुषी होते ती नेमकी इथे. स्पीकर हलका आणि पेटी भुशाच्या दाबीव फळीची असते. पावसाळ्यात ती फळी फुगते आणि पेटी खडखडू लागते. बटणे खरखरतात, जॅक ढिले पडतात. एवढी बदनामी मात्र न्याय्य आहे.

उरलेला दोष वापरणाऱ्याचा. माइक काही मिलिव्होल्ट देतो, कीबोर्ड त्याच्या शेकडो पट. तो माइकच्या जागी खुपसला की आवाज फाटणारच. गिटारसाठी बनवलेल्या यंत्रातला स्पीकर वरच्या पट्टीचे स्वर मुद्दाम दाबतो. त्यावर गायकाचा माइक लावून "आवाज कोंदट येतो" म्हणणे म्हणजे पाभरीने ऊस लावण्यासारखे आहे. कीबोर्डचे खर्ज स्वर आठ इंची स्पीकरला पेलत नाहीत, तो फडफडतो. तेव्हा बासचे बटण खाली घ्या.

आता जिवाशी गाठ असलेली बाब. यंत्र गुणगुणते म्हणून काही हौशी कारागीर प्लगची अर्थिंगची जाड पिन काढून टाकतात. काही ठिकाणी तर प्लगच नसतो, उघड्या तारा काडेपेटीच्या काड्यांनी सॉकेटात दाबलेल्या असतात. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा आणि माइकची जाळी बहुधा केबलमधून यंत्राच्या लोखंडी डब्याशीच जोडलेल्या असतात. आत एक तार सुटून डब्याला लागली आणि अर्थिंग नसले, तर ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या बुवांच्या ओठाला वीज भिडते. यंत्र पाच हजारांचे असो की पन्नास हजारांचे, यात फरक नाही. गुणगुण थांबवायची तर केबल बदला, यंत्र आणि कीबोर्ड एकाच बोर्डावर घ्या, पण अर्थिंग तोडू नका. देवळाच्या मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. त्याचा खर्च यंत्राआधी वर्गणीतून बाजूला काढावा, असा माझा आग्रह आहे.

खरेदीला जाताना स्वतःचा कीबोर्ड आणि गाणारा माणूस बरोबर न्या. दुकानात आवाज पाऊणपर्यंत वाढवून दहा मिनिटे वाजवा, मग बटणे सावकाश फिरवून, जॅक हलवून पाहा. आणि घरी आणल्यावर यंत्र युरियाच्या पोत्यांशेजारी गोदामात ठेवू नका. खताच्या दमट हवेने तांब्याचे जोड हिरवे पडतात. उंदीर वायर कुरतडतात ते निराळेच.