आपण टीव्ही पाहतो, टीव्ही आपल्याला पाहतो

नवा स्मार्ट टीव्ही घरी आला की पोरं गोळा होतात. वायफायचा पासवर्ड टाकला जातो आणि पडद्यावर अटींची लांबलचक पानं येतात. ती वाचतो कोण? 'मान्य आहे' दाबलं की झालं! पण त्या एका बटणाने आपण कशाला परवानगी दिली?

अनेक मोठ्या कंपन्यांच्या टीव्हीत 'ऑटोमॅटिक कंटेंट रेकग्निशन', म्हणजेच एसीआर असतं. ते पडद्यावरच्या चित्राचे किंवा आवाजाचे नमुने घेऊन तुम्ही काय पाहताय हे ओळखतं. ही माहिती पुढे जाहिरातींच्या बाजारात विकली जाऊ शकते.

ही नुसती शंका नाही. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीने १ कोटी १० लाख टीव्हींवरून ग्राहकांना न विचारता सेकंदा-सेकंदाची माहिती गोळा केल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. सेट-टॉप बॉक्स आणि डीव्हीडीवर काय चाललंय तेही त्यातून सुटलं नव्हतं. २०१७ मध्ये कंपनीने २२ लाख डॉलर भरून तडजोड केली. डिसेंबर २०२५ मध्ये टेक्सास राज्याने सॅमसंग, एलजी, सोनी, हायसेन्स आणि टीसीएल यांच्यावर याच कारणावरून दावे दाखल केले.

'आमच्याकडे लपवण्यासारखं काय आहे?' असं बरेच जण म्हणतात. पण सहेरीला कोणतं बयान लागतं, कोणत्या आजाराचे व्हिडिओ पाहिले जातात, राजकारणातलं कोण ऐकलं जातं, यावरून अख्ख्या घराचं चित्र उभं राहतं. आणि एकदा घराबाहेर गेलेली माहिती कुठे पोहोचेल, हे आपल्या हातात राहत नाही. नमाजच्या वेळा सांगणाऱ्या 'मुस्लिम प्रो' अॅपवरून घेतलेली लोकेशनची माहिती एका दलाल कंपनीमार्फत अमेरिकी लष्कराच्या कंत्राटदारांपर्यंत गेल्याची बातमी २०२० मध्ये आली होती. त्यानंतर अॅपने त्या दलालाशी संबंध तोडले.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. पण कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे. तोवर काळजी आपणच घ्यायची.

रिमोट घ्या, सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हसी' किंवा 'टर्म्स' शोधा. सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस', एलजीवर 'लाइव्ह प्लस', सोनीवर 'सांबा इंटरॅक्टिव्ह टीव्ही' दिसल्यास बंद करा. मॉडेलनुसार नाव थोडं वेगळं असू शकतं. आवडीनुसार जाहिरातींचा पर्याय आणि गरज नसेल तर मायक्रोफोनही बंद करा. सॉफ्टवेअर अपडेट झालं की सगळं पुन्हा तपासा. फक्त केबलच पाहत असाल तर टीव्हीला इंटरनेट जोडूच नका. मात्र यूट्यूबसारखी अॅप्स स्वतःची नोंद वेगळी ठेवतात. ती त्या-त्या अॅपमध्ये जाऊन बंद करावी लागते.

कुणाच्या घरात जायचं तर आधी सलाम करावा, परवानगी घ्यावी, हे आपण मुलांना शिकवतो. दिवाणखान्यातल्या टीव्हीलाही तोच नियम लावायला हवा.