तीस टक्के रिकामं, तरी जागा नाही

२९ ऑगस्ट २०२३ रोजी टोयोटाचे जपानमधले सगळे १४ कारखाने थांबले. भूकंप नव्हता, संप नव्हता. सायबर हल्ल्याची कुजबुज झाली, ती कंपनीने नाकारली. सुट्या भागांच्या ऑर्डरी हाताळणाऱ्या सर्व्हरची दोन दिवस आधी देखभाल चालली होती. डेटाबेसमधला साठलेला डेटा काढून नीट लावताना डिस्कवरची जागा संपली आणि यंत्रणा बंद पडली. पर्यायी सर्व्हर होते, पण तेही त्याच व्यवस्थेवर चालणारे, त्यामुळे तिथेही तीच गत. शेवटी जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावर गाडी रुळावर आली.

तिथे जागा निदान खरोखर संपली होती. अनेक मशीनवर मिळून एकच फाइल सिस्टिम पसरलेली असते, तिथला मामला जास्त फसवा. जागा असते आणि नसतेही. अशा मशीनसमूहाचा, म्हणजे क्लस्टरचा, कारभार पाहणाऱ्या साहेबांच्या पडद्यावर बहुधा एक गोल चकती असते आणि तिच्यात लिहिलेलं असतं, ‘वापर ७० टक्के’. त्या एका आकड्यावर विसंबून नव्या मशीनची खरेदी पुढच्या तिमाहीवर ढकलली जाते. त्या चकतीवरून खरेदीचे निर्णय घेणं बंद व्हायला हवं.

हडूपचंच पाहा. अशीच अनेक मशीनवर पसरलेली ही यंत्रणा फाइलचे १२८ एमबीचे तुकडे करते आणि नेहमीच्या रचनेत प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या मशीनवर ठेवते. समजा, दहा मशीन आहेत आणि प्रत्येकात ४ टीबीच्या १२ डिस्क. खरेदीच्या कागदावर ४८० टीबी. तीन प्रतींमुळे उरले १६०. त्यात डिस्क बनवणारा टीबी मोजतो हजाराच्या पटीत आणि संगणक १०२४ च्या, म्हणजे पडद्यावर दिसतात साधारण १४५. त्याच डिस्कवर लॉग आणि इतर सटरफटर फाइलीही मुक्कामाला असतात, ते वेगळंच. यातली गोम अशी की ‘डीएफ’ कमांड ‘उपलब्ध’ म्हणून जो आकडा दाखवते, तो तीनने भागण्याआधीचा असतो. ९० टीबी शिल्लक दिसले म्हणून कुणी निर्धास्तपणे ४० टीबी डेटा आणायला घेतला, तर त्याला लागणार १२० टीबी. लोड मध्यरात्री अर्ध्यावर अडकतो आणि ज्याची ड्युटी असते त्याचा फोन वाजतो.

कोट्याचा किस्सा तर नवख्यांना हमखास चक्रावून टाकतो. एखाद्या फोल्डरला ३०० एमबीचा कोटा दिला आणि त्यात एक केबीची चिमुकली फाइल ठेवायला गेलं, तर कोटा ओलांडल्याची तक्रार येते! कारण लिहायला सुरुवात होताना फाइल किती मोठी होणार हे यंत्रणेला ठाऊक नसतं. ती पूर्ण १२८ एमबीच्या तुकड्याच्या तीन प्रती गृहीत धरते, म्हणजे ३८४ एमबी. एक वाटी साखर मागायला गेलेल्याला पोत्याची जागा आहे का असं विचारावं, तसला प्रकार.

लस्टर ही महासंगणकांवर सर्रास वापरली जाणारी फाइल सिस्टिम. तिथे फाइल अनेक डिस्कगटांवर पसरवा असं मुद्दाम सांगितलं नसेल, तर अख्खी फाइल बहुधा एकाच गटावर जाते. तो गट भरला की ‘जागा नाही’ असा निरोप येतो, बाकीचे गट निम्मे रिकामे असले तरी. सोसायटीतल्या चार विंगच्या टाक्यांची बेरीज करून पाणी मुबलक आहे असं सेक्रेटरी सांगतात आणि ए विंगचे नळ कोरडे असतात. सेफ नावाची दुसरी यंत्रणा याबाबतीत जास्त प्रामाणिक आहे. आणखी किती लिहिता येईल याचा अंदाज ती सर्वांत आधी भरणाऱ्या डिस्कवरून बांधते. मूळ सेटिंगनुसार एखादी डिस्क ८५ टक्के भरली की ती इशारा देते. ९५ टक्के झाली की त्या डिस्कशी संबंधित साठ्यात लिहिणंच थांबवते. सरासरीला तिथे कुणी विचारत नाही आणि ते बरोबरच आहे.

मशीन बंद पडतात, हे तर कुणी गृहीतच धरत नाही. हडूपमध्ये एखाद्या मशीनचा साडेदहा मिनिटं काही पत्ता लागला नाही की तिला मृत समजतात आणि तिच्यावरच्या प्रती उरलेल्या मशीनवर पुन्हा तयार होऊ लागतात. चार मशीन प्रत्येकी ८० टक्के भरलेल्या आहेत आणि त्यातली एक गेली. ३२० मापं धान्य आता ३०० मापांच्या कणग्यांत भरायचं आहे. ते मावणार नाही, हे शाळकरी पोरही सांगेल. तरीही कालपर्यंत चकतीवर ‘२० टक्के शिल्लक’ झळकत होतं.

एक मशीन गेली तरी निभावेल एवढी जागा रिकामी ठेवणं लेखा विभागाला उधळपट्टी वाटते आणि त्यांचंही अगदीच चुकत नाही. २०१७ च्या अखेरीस आलेल्या हडूप ३ मध्ये त्यावर एक तोडगा आहे. तीन पूर्ण प्रतींऐवजी डेटाचे सहा भाग आणि गणिताने काढलेले तीन जादा भाग ठेवले की तिप्पट जागेऐवजी दीडपट पुरते. मात्र हरवलेला भाग पुन्हा उभा करायला नेटवर्क आणि प्रोसेसर दोघांनाही राबावं लागतं. रोज हाताळल्या जाणाऱ्या डेटापेक्षा जुन्या, क्वचित उघडल्या जाणाऱ्या डेटाला हे जास्त मानवतं.

जुनं पुसून जागा करा, असा आदेश निघतो तेव्हाही गंमत होते. पुसलेली फाइल अनेक ठिकाणी आधी ‘ट्रॅश’मध्ये जाते आणि मुदत संपेपर्यंत तिथेच ठाण मांडून बसते. स्नॅपशॉट, म्हणजे फाइलींची त्या क्षणाची गोठवलेली स्थिती, घेतलेला असेल तर ट्रॅश रिकामा करूनही जागा सुटत नाही. बारक्या फाइलींचा प्रश्न आणखी वेगळा. हडूपमध्ये प्रत्येक फाइलची आणि तुकड्याची नोंद मुख्य मशीनच्या मेमरीत साधारण दीडशे बाइट अडवते. अशा कोट्यवधी फाइली झाल्या की डिस्क रिकाम्या असूनही नोंदवहीच भरून जाते.

हे सगळं शोधायला नवं सॉफ्टवेअर विकत घ्यावं लागत नाही. हडूपचा प्रशासकीय रिपोर्ट प्रत्येक मशीनचा हिशोब वेगळा देतो, कुठली किती भरली आणि कुठली गायब आहे तेही सांगतो. पण तो लांबलचक आणि दिसायला रूक्ष. ई-मेलमध्ये चिकटवला तर साहेब पहिल्या दोन-चार ओळींपुढे जात नाहीत आणि त्या ओळींत एकूण बेरीजच असते.