माणूस तुझ्याकडेच आहे

भोसरी एमआयडीसीत माझ्या चुलतभावाचा सुट्या भागांचा छोटा कारखाना आहे. परवा त्याचा फोन आला. मोठ्या ग्राहकाने कार्बनचा हिशेब मागितलाय. "ताई, तुमच्या सिंगापुरात सगळं डिजिटल ना? सॉफ्टवेअर कुठलं घेऊ? आणि ते चालवायला माणूस कुठून आणू?"

मी म्हटलं, माणूस तुझ्याकडेच आहे. त्याला वाटलं, मी टाळतेय.

कॉम्प्रेसरचंच घ्या. त्याला दिलेल्या विजेतली बरीचशी उष्णता होऊन जाते. वर देखभाल ढिली असेल, तर तयार हवेपैकी २० ते ३० टक्के सांध्यांतून नुसती गळू शकते. सुट्टीच्या दिवशी बाकी सगळं बंद ठेवून फक्त कॉम्प्रेसर चालू ठेवा. साधं मीटर लावलं, तर तो किती वेळा आणि किती वेळ लोड घेतो, यावरून गळती किती ते कळतं. कुठे, ते आलेखात दिसत नाही. ते त्या शेडमध्ये वीस वर्षं काढलेल्या फिटरला कानाने कळतं. नव्या डेटावाल्याला नाही, आणि खरं सांगायचं तर आम्हा पीएचडीवाल्यांनाही नाही.

इथल्या एका छोट्या कारखान्यात (नाव नको) मी भिंतीवर रंगीत डॅशबोर्ड पाहिला. सगळे त्याच्याकडे पाठ करून काम करत होते. तो लावताना त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

बाहेरून माणूस आणणं सिंगापुरातही सोपं नाही. मी क्वीन्सटाउनच्या वन-नॉर्थ भागात काम करते. जवळच्या ब्लॉक ७१मध्ये एके काळी छोटे कारखाने होते. २०११पासून तिथे स्टार्टअप आहेत. तरुण इंजिनियर तिकडे जाणार, लेथपाशी कशाला येईल? इथला कार्बन कर मात्र २०२४मध्ये टनामागे २५ डॉलर होता, तो २०२६पासून ४५ झाला. छोट्या कारखान्यांना तो थेट भरावा लागत नाही, पण विजेच्या बिलातून पोचतोच.

ए-स्टार ही सरकारी संशोधन संस्था २००३पासून टी-अप योजनेतून आपले संशोधक ठरावीक काळासाठी छोट्या कंपन्यांत पाठवत आली आहे. कल्पना मला फार आवडते. पण संशोधक कधीतरी परत जातो, आणि त्याच्या शेजारी कुणी शिकलेलं नसेल तर ज्ञानही त्याच्याबरोबर जातं. म्हणून फिटरनेही प्रयोगशाळेत यावं, असं माझं मत आहे.

"शिकवलं की मोठी कंपनी पळवते," भाऊ म्हणाला. ही भीती खरी आहे. मी सुचवलं, वाचलेल्या बिलातला वाटा त्याला दरमहा दे, पगाराच्या स्लिपवर दिसेल असा. शिवाय आठवड्यातून अर्धा दिवस मोकळा.

"अर्ध्या दिवसाच्या उत्पादनाचे पैसे तू देणार?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सुट्टीच्या दिवशीचा मीटरचा आकडा मात्र पाठवतो म्हणालाय.