पंखा कशाला, बंगळुरूच तर आहे!

मार्चअखेरीस बंगळुरूच्या आमच्या सोसायटीची मीटिंग होती. मी इथे पोस्टिंगवर असल्यामुळे क्वार्टरमध्ये राहतो. सोसायटीतल्या फ्लॅटमध्ये आई-बाबा असतात. बाबांचा गुडघा दुखत होता म्हणून त्यांच्या जागी मी गेलो. विषयपत्रिकेच्या शेवटी एक किरकोळ विषय होता : गेटवरच्या पत्र्याच्या केबिनमध्ये गार्डसाठी एक पंखा बसवणे आणि वर सावलीला शेड टाकणे. खर्च काही हजारांचा. त्याआधी क्लब हाऊसच्या रंगकामाला अडीच लाख मंजूर झाले होते आणि त्यावर कोणी हूं की चूं केलं नव्हतं.

पंखा नामंजूर झाला. कारणं दोन. पहिलं : "पंखा कशाला, बंगळुरूच तर आहे!" दुसरं : "ही आसामची मुलं. त्यांना उकाड्याची सवय असते. वर पंखा दिला तर ड्युटीवर झोपतील."

मग एका काकांनी सिद्धान्तच मांडला. काका मनाने चांगले आहेत, बाबांना दवाखान्यात नेताना स्वतःची गाडी काढतात. त्यांचा मुलगा सॅन फ्रान्सिस्कोला, मुलगी ह्यूस्टनला. ते म्हणाले, "थंड हवेत डोकं चालतं. सॅन फ्रान्सिस्को बघा, आपलं बंगळुरू बघा. दमट हवेत माणूस सुस्तच होणार. आसाम बघा, बिहार बघा." माना डोलल्या. त्यातल्या दोन माना निवृत्त फौजींच्या होत्या. काकांचं मी समजू शकतो. त्या दोन मानांचा मात्र मला राग आला, आणि हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी हवेचा हिशोब करू. सॅन फ्रान्सिस्को थंड आहे, कारण शेजारून पॅसिफिकचा थंड प्रवाह वाहतो आणि उन्हाळ्यात समुद्रावरचं धुकं शहरात शिरतं. भर जुलैतही दुपारी तिथे जेमतेम २० अंश असतात. बंगळुरूला ना समुद्र ना धुकं. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, आणि हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो, एवढंच. दोन्ही ठिकाणचा गारवा भूगोलाने फुकट दिलेला आहे. तिथल्या कोणत्याही रहिवाशाने तो कष्टाने कमावलेला नाही. फुकट मिळालेल्या वस्तूवरून दुसऱ्याची लायकी काढायची नसते, हे आपल्याला घरी शिकवलेलं असतं.

आणि तो फुकटचा गारवाही आता उधारीवर आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये इथे पारा ३९ अंशांच्या वर गेला. २०२४ च्या एप्रिलअखेर ३८ ओलांडला. तळी बुजवली, झाडं तोडली, काँक्रीट ओतलं, पण "बंगळुरूला पंखा लागत नाही" हे वाक्य तसंच राहिलं. हे वाक्य तीस वर्षांपूर्वीच्या शहराबद्दल आहे. पत्र्याच्या केबिनमधला पोरगा आजच्या शहरात उभा आहे.

आता फौजींसाठी. आपण हवा कशी मोजायला शिकलो? अमेरिकन मरीन कोअरच्या पॅरिस आयलंडसारख्या ट्रेनिंग कॅम्पांत रिक्रूट उष्माघाताने कोसळत होते. साउथ कॅरोलायनातली ती जागा ह्यूस्टनसारखीच उष्ण-दमट. त्यातून १९५० च्या दशकात एक मोजमाप निघालं, वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर. त्यात ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि आपल्या नेहमीच्या थर्मामीटरला फक्त १० टक्के. कारण साधं आहे. शरीर घाम वाळवून थंड होतं. हवा आधीच पाण्याने भरलेली असेल तर घाम नुसता ओघळतो, वाळत नाही. म्हणून ३३ अंशांचं तेजपूर ३८ अंशांच्या कोरड्या गावापेक्षा माणसाला जास्त मारतं. याचा आळसाशी काडीचा संबंध नाही.

हे ज्ञान मला खडकवासल्याच्या अकादमीत मिळालं होतं. तरी मी चूक केली, आणि ती लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

कॅप्टन असताना मी तेजपूरजवळ होतो. जुलै महिना. पाटण भागातला एक नाईक बंगळुरूहून कोर्स करून आला. कोर्समध्ये पाच किलोमीटरच्या रनमध्ये तो पहिल्या तिघांत होता. आल्यावर तिसऱ्या दिवशी मी त्याला पूर्ण वजनासह टेस्टला उभं केलं. चौथ्या किलोमीटरला तो पडला. एमआय रूममध्ये बर्फ, सलाइन, सगळं झालं, वाचला. सुभेदार साहेब मला एवढंच म्हणाले, "साहेब, पोरगं कच्चं नाही. इथली हवा अजून अंगात मुरलेली नाही." मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्याच्या कागदावर मी "स्टॅमिना कमी" असा शेरा लिहिला. त्या वर्षी पुढच्या कोर्ससाठी त्याचं नाव गेलं नाही.

शरीराला नव्या उष्ण हवेत रुळायला दहा ते चौदा दिवस लागतात. मी त्याला तीन दिले. सप्टेंबरमध्ये तोच नाईक त्याच रस्त्यावर माझ्या पुढे पळत होता. रस्ता तोच, वजन तेच. बंगळुरूच्या हवेत जो हिरो होता, तो तेजपूरला तिसऱ्या दिवशी झिरो, आणि दोन महिन्यांनी पुन्हा हिरो. मधल्या काळात त्याचा स्वभाव दोनदा बदलला म्हणायचं का? चूक माझी होती, शेरा त्याच्या नावावर पडला. सोसायटीत माना डोलताना मला तोच शेरा पुन्हा लिहिला जाताना दिसला.

काकांचा सिद्धान्त नवा नाही. येल विद्यापीठाच्या एल्सवर्थ हंटिंग्टन यांनी १९१५ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं : हवामानावरून माणसांची कार्यशक्ती ठरते आणि त्यावरून संस्कृतीची उंची. आणि सगळ्यात उत्तम हवामान लेखकाच्या स्वतःच्या मुलखाच्या आसपास निघालं. असे सिद्धान्त मांडणाऱ्यांच्या घराबाहेर नेहमी छान हवा असते.

ज्या शहरात बसून आपण हे बोलतो त्याचाच इतिहास पाहा. इंग्रजांनी १८०९ मध्ये श्रीरंगपट्टणची छावणी उठवून बंगळुरूला आणली, कारण तिथे तापाने माणसं मरत होती. दोष हवेला दिला गेला. "मलेरिया" या इटालियन शब्दाचा अर्थच मुळी "वाईट हवा". पुढे १८८३ मध्ये रोनाल्ड रॉस नावाचा तरुण लष्करी डॉक्टर याच बंगळुरूच्या छावणीत होता. साठलेलं पाणी काढलं की डास कमी होतात, हे त्याच्या इथेच लक्षात आलं. १८९७ मध्ये सिकंदराबादला त्याने डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दाखवला. गुन्हेगार हवा नव्हती, न झाकलेलं पाणी होतं.

दुसरा दाखला आपल्याच पेशातला. १९४३ मध्ये आसाम-बर्मा आघाडीवर एका जखमी जवानामागे १२० आजारी जवान मागे पाठवावे लागत होते. तेव्हाही लोक म्हणत, हवाच तशी. जनरल स्लिम यांनी हवा बदलली नाही, नियम बदलला. मेपाक्रिनची गोळी प्रत्येकाच्या पोटात जाते की नाही, याला सीओ जबाबदार. अचानक तपासणी करून तीन सीओंना त्यांनी घरी पाठवलं. बाकीच्यांना संदेश पोचला आणि मलेरियाचं प्रमाण कोसळलं. पाऊस तोच, जंगल तेच, जवान तेच. फरक वरच्या माणसाने जबाबदारी घेतल्याचा.

कोणी म्हणेल, "पण उकाड्यात काम कमी होतं हे खोटं आहे का?" मुळीच नाही. मी ते स्वतः भोगलंय. सिंगापूर उभारताना ली कुआन यू यांनी सरकारी कचेऱ्यांत आधी एअर कंडिशनर बसवले. ह्यूस्टनची ऑफिसंही एसीवरच चालतात, आणि १९६९ मध्ये चंद्रावर उतरणाऱ्यांशी जमिनीवरून बोलणारा कक्ष त्याच चिकट हवेच्या शहरात होता. म्हणजे उकाडा खरा आहे, म्हणूनच सोय हवी. यातून पंख्याच्या बाजूचं मत निघतं. आपण मात्र उकाड्याचं कारण देऊन माणसाला नावं ठेवतो आणि सवयीचं कारण देऊन पंखा नाकारतो. एकाच माणसाबद्दल "उकाड्याने सुस्त" आणि "उकाड्याची सवय" या दोन्ही गोष्टी एकाच मीटिंगमध्ये! कोणती तरी एक ठरवा.

मीटिंगनंतर गेटवर थांबलो. गार्ड तेजपूरच्या पलीकडचाच निघाला, मला त्याचं बाजाराचं गाव माहीत होतं. बारा तासांची ड्युटी. "केबिनमध्ये बसत नाही का?" विचारलं तर म्हणाला, "दुपारी आत बसवत नाही सर, बाहेर झाडाखाली उभं राहणं बरं." ते झाड पार्किंगच्या विस्तारात जाणार आहे, तो ठराव त्याच मीटिंगमध्ये पास झाला होता.

त्या दोन सीनियर्सना माझी आदराने विनंती आहे. सर, तुम्ही कंपनी कमांड केली आहे. आपला संत्री पत्र्याच्या डब्यात उभा करून तुम्ही मेसमध्ये पंख्याखाली बसला असतात का? संत्री आधी, आपण नंतर, हे मला तुमच्याच पिढीने शिकवलं. युनिफॉर्म उतरला म्हणून तो नियम उतरत नाही.

पुढच्या मीटिंगला पंखा, शेड आणि ते झाड, तिन्ही विषय मी बाबांच्या सहीने पुन्हा देतोय. तुमच्या गेटवरही अशीच केबिन असेल. एप्रिलच्या दुपारी दोन वाजता, दार लावून, आत फक्त दहा मिनिटं बसून या. मग मत द्या.

जय हिंद.